पोरं बोलणारच, तू मोठ्यांकडे बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बालनाट्याच्या प्रयोगाला दारावर आणि आत प्रेक्षागृहात व्यवस्था बघायचं काम मंडळाने यंदा तुझ्या गळ्यात घातलं, हे बरं झालं. तू पाठवलेला फलकाचा मजकूरही वाचला. 'मुलांनी शांत बसावे. मुलांनी बोलू नये. मुलांनी जागेवरून उठू नये.' अरे, नाटक कुणासाठी आहे? ही तिन्ही वाक्यं आधी खोड.

तुझी धास्ती मला कळते. चारशे पोरं एका छताखाली, वर दिवे गेले की काय गोंधळ होईल कुणास ठाऊक. पण आवाज झाला म्हणजे शिस्त मोडली, असा हिशेब बालनाट्याला लावू नकोस. एवढंच बघ, पोराचा आवाज नाटकाकडे चाललाय की नाटक सोडून दुसरीकडे? "अरे पळ, तो आला!" हा आवाज नाटकाकडे चाललाय. त्याला हात लावायचा नाही. "आई, घरी चल ना" किंवा मागच्या रांगेतल्या मित्राशी क्रिकेटच्या गप्पा, हा दुसरीकडे चाललाय. तिथे तू हळूच जायचं.

आपल्या इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात एकदा असाच लहानांचा प्रयोग होता. कोल्हा झाडामागे लपलेला, ससोबा पुढे आपल्याच नादात. चौथ्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "मागे आहे तो, मागे!" झालं, सगळं प्रेक्षागृह "मागे, मागे" करायला लागलं. शेजारचे एक गृहस्थ पोरांपेक्षा मोठ्याने "शूऽऽ, शूऽऽ" करत होते. ससोबाचं काम करणारा मुलगा मात्र तयारीचा होता. तो त्या मुलीकडे वळला, ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल ना, त्याला ऐकू जाईल." एका क्षणात सगळी पोरं चिडीचूप. मुलांना शांत करायची कळ बहुतेक वेळा रंगमंचावर असते. नट आवाज चढवत गेला की पोरं त्याच्यावर चढवतात. नटाने आवाज उतरवला की ती ऐकायला पुढे सरकतात. तालमीला जाशील तेव्हा दिग्दर्शिकेशी हे बोलून घे. पोरं कुठे ओरडणार हे तिला आधीच ठाऊक असेल, तिथे नटांना दोन श्वासांची जागा ठेवायला सांग. नाहीतर पुढची चार वाक्यं गोंगाटात वाहून जातात आणि मग गोष्ट न कळलेली पोरं खरोखर चुळबुळायला लागतात.

सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत बालरंगभूमी उभी केली, ती अमेरिकेत जाऊन मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास करून आल्यावर. शाळेच्या गॅदरिंगसारखं काहीतरी पुढ्यात टाकून पोरांची बोळवण करायची नाही, त्यांनाही नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा सगळं पूर्ण मिळालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पोराला पूर्ण प्रेक्षक मानायचं ते असं. एकदा मानलं की मग त्याला प्रेक्षकाचे हक्कही द्यावे लागतात. हसण्याचा, घाबरण्याचा आणि कंटाळण्याचासुद्धा.

आता जी चुळबुळ पोरांच्या माथी मारली जाते, त्यातली निम्मी खुर्चीची असते. नाट्यगृहाची खुर्ची उठलं की आपोआप मिटते. पाच वर्षांच्या पोराचं वजन तिला पुरत नाही, ते मागे सरकलं की खुर्ची त्याला पायांसकट गिळायला बघते. शिवाय पुढे एखादे उंच काका बसले की त्याला फक्त टक्कल दिसतं. मग ते उभं राहतं, गुडघ्यांवर बसतं, पुढच्याच्या पाठीला लाथा बसतात. याला संस्कार काय करणार? लहानांना पुढे बसव, पण पहिली रांग नको. तिथून मान वर करून बघावं लागतं आणि चेटकीण अगदी अंगावर येते. तिसऱ्या रांगेपासून सातव्या रांगेपर्यंत लहान मुलं, मोठे त्यांच्या मागे किंवा कडेला. ज्यांच्या मांडीवर अगदी तान्हं आहे त्यांना वाटेलगतची खुर्ची. पोर रडायला लागलं तरी आई उठत नाही, कारण तिला दहा जणांच्या गुडघ्यांवरून माफी मागत जायचं असतं. कडेला असली की ती आपणहून बाहेर जाते आणि पोर शांत झालं की परत येते. बाहेर गेलेल्या आईला परत आत घ्यायचं, हे दारावरच्या पोरांना बजावून ठेव.

काळोखाचंही तसंच. तिसरी घंटा झाली आणि दिवे एकदम गेले की तीन-चार पोरं हमखास भोकाड पसरतात. प्रकाशयोजना करणाऱ्याला सांगायचं, प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू मंद कर आणि पहिल्या प्रवेशात अगदी मिट्ट अंधार करू नकोस. तो कुरकुरेल, त्याचा 'इफेक्ट' जातो म्हणेल. त्याला सांग, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०११ साली ऑटिझम असलेल्या मुलांसाठी 'द लायन किंग'चा खास प्रयोग झाला, तेव्हा दचकवणारे आवाज आणि लखलखणारे दिवे कमी केले होते आणि बाहेर जाऊन शांत बसायला जागाही ठेवली होती. त्यांचा इफेक्ट गेला नाही, तुझा कसा जाईल? आपल्याकडेही अशी मुलं येतात. त्यांच्या आईबापांच्या चेहऱ्यावर आत शिरतानाच ओशाळलेपण असतं. त्यांना कडेची जागा दाखवताना वर "काळजी करू नका" म्हणालास तरी पुष्कळ.

आपल्या इंदूरच्या पोरांची आणखी एक अडचण आहे, ती मुंबई-पुण्याच्या लोकांना कळणार नाही. यांची शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, गल्लीतले मित्र हिंदीत बोलणारे, मराठी घरात तेवढी. आणि घरातलीही "चल ना, छप्पनवर जाऊन येऊ" इतपत, म्हणजे छप्पन दुकानांवर खायला जाण्यापुरती. नाटककार लिहितो ती मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. "आजी, तिरसट म्हणजे काय?" आजी कुजबुजत समजावते, तोवर पुढचा विनोद निघून जातो, मग "आजी, सगळे का हसले?" ही बडबड नाटकासाठीच असते, पण पुढच्या रांगेला त्रास होतोच. म्हणून प्रयोगाच्या दोन दिवस आधी पालकांच्या व्हॉट्सअॅपवर गोष्ट पाच-सहा ओळींत पाठव, पात्रांची नावं आणि चार अवघड शब्द घालून. गोष्ट आधी कळली तर मजा जाईल, ही काळजी मोठ्यांची. लहान मूल एकच गोष्ट रोज रात्री मागतं, हे तू घरी भाचीकडे बघतोसच.

मोठ्यांच्या नाटकाला पोरं आणण्याचं काय, हेही तू विचारलंयस. तिथे माझं मत अगदी वेगळं आहे. सानंद या आपल्या इथल्या मराठी संस्थेचं नाटक येतं तेव्हा शनिवार-रविवारात सभासदांच्या पाच समूहांसाठी एकाच नाटकाचे पाच प्रयोग होतात. रविवारी रात्री पाचव्यांदा तोच नट तीच वेदना उभी करत असतो आणि ज्यांचा तो प्रयोग असतो त्यांनी ते नाटक अजून पाहिलेलं नसतं. त्यांना ते कोरं, अखंड मिळायला हवं. अशा गंभीर दोन अंकी नाटकाला चार वर्षांचं पोर घेऊन आलात तर ते प्रेक्षक नसतं, सामान असतं. दोन तास सामानासारखं पडून राहा, असं त्याला सांगायचं आणि नाही राहिलं की डोळे वटारायचे, हा अन्याय त्याच्यावरही आणि नटावरही. सांभाळायला घरी कुणी नसेल तर नवराबायकोपैकी एकाने थांबावं. कटू वाटेल, पण मी तोंडावर सांगते. साधारण दहा-अकराव्या वर्षी मूल एखादं हलकंफुलकं नाटक नीट बघतं. त्याआधी बालनाट्य भरपूर दाखवावं.

आणि मोबाइल. सुबोध भावेंनी २०१९ मध्ये प्रेक्षकांच्या फोनांवरून जाहीर वैताग व्यक्त केला होता, तो काही पोरांवर नव्हता. रंगमंचावरून प्रेक्षागृह काळं दिसतं. पण कुणी मांडीवर फोन उघडला की अंधारात नेमका तेवढाच चेहरा निळा उजळतो, आणि नटाला तो दिसतो. आपल्या प्रयोगात तर पालकच वाटेत उभे राहून आपल्या लेकराचं शूटिंग करतात, मागच्या पाच रांगांतली लेकरं त्यांची पाठ बघतात. त्यांना आधीच सांग, मंडळ एक कॅमेरा लावून सगळ्यांना व्हिडिओ देणार आहे. आणि खरंच द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी ऐकणार नाही.

नमकीनच्या पाकिटांबद्दल वेगळं लिहीत नाही. मध्यंतरात दार उघडं आहे, फाडा तिथे.

उशिरा येणाऱ्यांना दोन प्रवेशांच्या मध्येच आत सोड. दार उघडलं की बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा थेट रंगमंचापर्यंत जातो, म्हणून आतला पडदा धरायला एक जण ठेव. बॅटरी जमिनीकडे, काचेवर दोन बोटं, उजेड बोटांच्या फटीतून पडेल तेवढाच. जागा दाखवताना वाकून चालायचं.

शेवटचं दुखणं म्हणजे स्वतःच्या मुलाचं काम संपलं की त्याला मेकअपसकट उचलून निघणारं कुटुंब. आजी-आजोबा, मावशी, सगळी रांग उठते, आणि ज्याचं काम शेवटच्या प्रवेशात आहे तो बिचारा रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलतो. यावर उपाय एकच. शेवटचा नमस्कार झाल्यावरच मुलं रंगपटातून पालकांच्या ताब्यात मिळतील, असं आधीच कळवून टाक, आणि रंगपटाच्या दाराशी कुणाचं ऐकणार नाही अशी एखादी काकू बसव. मी मोकळी आहे त्या दिवशी.

प्रकाशयोजनेवाल्याला कधी भेटतोयस ते कळव, मीही येते. त्याच्याशी भांडायला दोघं लागतात.

तुझी
काकू