८ महिन्यांच्या बाळाला आतड्याचा दाह आणि भगंदर आहे. फक्त एनओडी२ जनुकाची तपासणी पुरेशी आहे का?

नाही, या वयात एकट्या एनओडी२ वरून फारसं काही हाती लागत नाही. त्यातले नेहमीचे बदल क्रोन्सचा (आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा) धोका वाढवतात इतकंच, आणि ते निरोगी माणसांतही सापडतात. २ वर्षांच्या आत आजार आणि सोबत भगंदर असेल, तर आधी संशय आयएल१०आरए व आयएल१०आरबी या जनुकांवर. २००९ साली हा संबंध दाखवला गेला: ही जनुकं बिघडली की दाह आवरण्याचा इंटरल्युकिन-१० या प्रथिनाचा निरोप पेशी घेतच नाहीत, म्हणून नेहमीची औषधं सहसा टिकाऊ गुण देत नाहीत आणि बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. टीटीसी७ए या जनुकाच्या बिघाडात मात्र दोष आतड्याच्या अस्तरातच असतो, तिथे प्रत्यारोपणाने आतडं सुधारत नाही. नेमकं जनुक कळणं गरजेचं, ते यासाठी.

डॉक्टरांशी हे बोला:
- बाळ आणि आईवडील, तिघांचं एक्झोम (जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांची एकत्र तपासणी).
- डीएचआर ही रक्तचाचणी: पांढऱ्या पेशींना जंतू नीट मारता न येण्याचा जन्मजात आजार (सीजीडी) आहे का, ते ती पाहते. अहवाल जनुकीय तपासणीच्या खूप आधी मिळतो. बीसीजीनंतर काखेत गाठ आली असेल तर ते आवर्जून सांगा, ती या आजाराची खूण असू शकते.
- मुलगा असेल तर एक्सआयएपी हे जनुक तपासणीच्या यादीत आहे ना, ते विचारा.

अहवाल निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं होत नाही. ६ वर्षांखालच्या बहुतेक मुलांत एकच दोषी जनुक सापडत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेल्या बदलावरून तर प्रत्यारोपण ठरवूच नका. आयएल१०आरए चा दोष दोन्ही पालकांकडून आल्याचं ठरलं, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के.