ऑपरेशन दीड-दोन तासांचं, सांभाळणं जन्माचं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आलेली यावेळची बहुतेक पत्रं विशी-पंचविशीतल्या वाचकांची आहेत. मी हीच ऑपरेशनं करते, त्यामुळे ती करावीत असंच मी सांगेन, अशी शंका काहींना येईल. त्यांनी तिसरं आणि सहावं उत्तर जरूर वाचावं.

प्रश्न : वय २२, उंची १६० सेंमी, वजन १०६ किलो. साखर ‘बॉर्डरला’ आहे. चार वेळा डाएट करून वजन उतरवलं आणि चारही वेळा ते व्याजासकट परत आलं. ऑपरेशनचा विषय काढला की घरचे म्हणतात, एवढ्या लहान वयात कशाला? जरा जिद्द ठेव. मी खरंच पळवाट शोधतेय का?

नाही. चार वेळा वजन उतरवणाऱ्या मुलीला जिद्द शिकवायची गरज नसते. वजन घटू लागलं की शरीर त्याला उपासमार समजतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची वर्दी देणारी संप्रेरकं कमी होतात आणि बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. हा बदल महिना-दोन महिन्यांत ओसरत नाही, वर्षानंतरही टिकलेला दिसतो. तुझी चार डाएटं इथे हरली. शस्त्रक्रियेचा उपयोग होतो तो मुख्यतः याच कारणानं. जठर लहान होतं हा त्यातला एक भाग झाला. भुकेचे आणि तृप्तीचे निरोपच बदलतात, हा त्याहून मोठा.

आता आकडे पाहू. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, ४१ च्या पुढे आहे. १९९१ पासून चालत आलेल्या जुन्या निकषांत ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत एखादा आजार असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनांनी ही रेषा खाली आणली : ३५ च्या वर आजार असो वा नसो, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर. आशियाई वंशाच्या लोकांत कमी वजनालाच मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा २७.५ पासून धरली आहे. म्हणजे कोणत्याही निकषानं तू पात्र आहेस.

वयाचं म्हणशील, तर ‘लहान आहेस म्हणून थांब’ या सल्ल्याला आधार नाही. अमेरिकेत किशोरवयात जठराचा बायपास (वजन कमी करण्याची एक शस्त्रक्रिया) झालेल्यांची तुलना प्रौढपणी बायपास झालेल्यांशी केली गेली. पाच वर्षांनी वजनातली घट दोन्हीकडे जवळपास सारखी होती, २६ आणि २९ टक्के. मधुमेह मात्र किशोरवयीनांपैकी ८६ टक्के जणांत आटोक्यात येऊन औषधांशिवाय राहिला, प्रौढांत ५३ टक्के. आजार मुरायच्या आत गाठला तर तो सुटतो. पण त्याच अभ्यासात किशोरवयीनांपैकी जवळपास निम्म्यांच्या शरीरातला लोहाचा साठा खालावलेला होता. हे प्रमाणही प्रौढांपेक्षा जास्त.

वय कमी असण्याची खरी अडचण ही आहे. साठीत ऑपरेशन झालेल्या माणसाला व्हिटॅमिन-लोहाच्या गोळ्या वीस-पंचवीस वर्षं घ्यायच्या असतात. तुला साठ वर्षं घ्यायच्या आहेत. नोकरी बदलेल, घर बदलेल, सर्जन निवृत्त होईल, तरी दरवर्षी रक्त तपासायचं. घरच्यांनी ‘जिद्द ठेव’ म्हणण्याऐवजी ‘हे साठ वर्षं निभावशील ना, आम्ही काय मदत करू?’ असं विचारलं, तर ते तुझ्या जास्त कामी येईल. उत्तर वाचून दाखव त्यांना.

प्रश्न : वय २६, वजन १२८ किलो. एका ठिकाणी स्लीव्ह सुचवली, दुसरीकडे बायपास. मला गेली तीन वर्षं रात्री छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. स्लीव्ह सोपी आहे म्हणतात. काय निवडू? आणि जिवाला धोका किती?

तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य जळजळीचं आहे. दोन्ही ठिकाणी ते सांगितलं होतंत का?

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. घ्रेलिन तयार करणारा भाग बराचसा निघून गेल्यानं भूक मंदावते. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ‘सोपी’. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही. शिवाय त्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर शरीरातच राहतं, फक्त अन्नाच्या वाटेवरून बाजूला होतं. आम्ल अन्ननलिकेपर्यंत फारसं पोचत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये दोन्ही शस्त्रक्रियांची समोरासमोर तुलना झाली. पाच वर्षांनी पाहिलं, तर आधीपासून जळजळ असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के जणांची जळजळ वाढली होती, बायपासनंतर सुमारे ६ टक्के. आधी दुर्बिणीनं अन्ननलिका तपासून घ्या. तिथे सूज किंवा अस्तरात बदल दिसला, तर माझं मत बायपासकडे झुकेल.

बायपासची किंमतही ऐका. गोड किंवा पातळ साखरयुक्त पदार्थ पटकन आतड्यात उतरले की धडधड, घाम, पोटात मुरडा, गळून जाणं. याला डंपिंग म्हणतात. लोह, कॅल्शियम, बी१२ कमी शोषलं जातं. सिगारेट आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी जोडावर अल्सर होतो, म्हणून दोन्ही कायमच्या बंद. आणि आतड्याची रचना बदलल्यानं आत फट राहून काही वर्षांनीही आतडं अडकू शकतं. पोटात असह्य कळा आल्या, तर ‘गॅस असेल’ म्हणून रात्र काढायची नाही.

जिवाला धोका किती, हेही तुम्ही विचारलंय. अनुभवी हातांत पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे, म्हणजे पित्ताशयाच्या नेहमीच्या ऑपरेशनच्या जवळपास. टाक्यांतून गळती, रक्तस्राव आणि पायातून फुप्फुसात जाणारी गुठळी, या तिघांवर आमची नजर असते. दुसऱ्याच दिवशी उठवून चालायला लावतो ते त्या गुठळीसाठी.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, वजन ११५ किलो. मी ऑपरेशनची सगळी माहिती काढली, तारीखही घेतली. ती ‘बघू’ म्हणते आणि खोलीत निघून जाते. तिला कसं तयार करू?

तारीख रद्द करा. हे कडक वाटेल, पण मी मनापासून सांगतेय.

माझ्यासमोर आई आणि मुलगी शेजारी-शेजारी बसतात. मी मुलीला विचारते, दिवसभरात काय खातेस? उत्तर आई देते. पुन्हा मुलीकडे बघून विचारते, झोप कशी लागते? उत्तर आई देते. मुलगी मांडीवरच्या बॅगेची चेन उघडत असते, लावत असते. मग मी आईला दहा मिनिटं बाहेर बसायची विनंती करते. दार लागल्यावर कधी पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही. मग चेनचा आवाज थांबतो. ‘सगळे झोपले की मी खाते. थांबताच येत नाही. मग रडते.’ हे वाक्य थोड्याफार फरकानं मी कितीतरी वेळा ऐकलं आहे.

असं असेल तर तिला आधी मानसोपचाराची गरज आहे. बेकाबू खाण्याचा विकार असला म्हणजे शस्त्रक्रिया कायमची बाद होते असं नाही, पण तो हाताळल्याशिवाय टेबलावर घेणं हा तिच्यावर अन्याय आहे. जठर लहान झाल्यावर खाण्यातला तो आधार अचानक जातो, आणि ऑपरेशननंतरच्या वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याचा धोका काही जणांत वाढलेला आढळतो. आधीपासून नैराश्य असलेल्यांवर म्हणूनच आम्ही जास्त लक्ष ठेवतो.

आणि ती नुसतीच तयार नसेल, तरीही थांबा. सज्ञान मुलीच्या संमतीशिवाय हे होणार नाही. आईच्या आग्रहाखातर दिलेली संमती सही करण्यापुरतीच पुरते. ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा डोळ्यांसमोर आणा. औषधाच्या बाटलीवरच्या झाकणाएवढा प्लास्टिकचा कप, त्यात ३० मिलि पाणी, ते घोट-घोट करत पंधरा मिनिटांत संपवायचं, मग पुन्हा भरायचा, असं जागं असेपर्यंत. हा कप तिच्या हातात असणार आहे, तुमच्या नाही. तुम्ही काढलेली माहिती फेकू नका. तिनं मागितली की द्या.

प्रश्न : आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत. मग पोट कापून घ्यायचंच कशाला? (वय २८, बीएमआय ३३, दुसरा आजार नाही)

तुमच्या बाबतीत मीही आधी औषधाचाच विचार करेन. या इंजेक्शनांतल्या सेमाग्लुटाइडनं चाचण्यांत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन कमी झालं. शस्त्रक्रियेनं ते साधारण २५ ते ३० टक्के होतं. प्रश्न थांबवल्यानंतरचा आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे इंजेक्शन हाही लांबचा प्रवास आहे, फक्त त्यातून उतरता येतं. बीएमआय ४८ असलेल्या, मधुमेह सुरू झालेल्या तरुणाला मात्र मी ‘आधी दोन वर्षं इंजेक्शन घेऊन बघ’ असं सरसकट सांगणार नाही. त्याची दोन वर्षं महाग आहेत.

इंजेक्शन चालू असताना कुठल्याही कारणानं भूल घ्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या औषधानं जठर सावकाश रिकामं होतं.

प्रश्न : वय २४, पीसीओडी आहे, पाळी तीन-चार महिन्यांनी येते. ऑपरेशननंतर मूल होईल ना? आणि केस जातात म्हणतात ते खरं का?

मूल होण्याची शक्यता बहुधा वाढेल, आणि सावध राहायचं ते त्यामुळेच. वजन उतरू लागलं की बीजनिर्मिती काही महिन्यांतच सुरळीत होऊ शकते. ‘मला तसंही दिवस राहत नाहीत’ असं धरून चाललेल्या मुलींना नेमके त्याच काळात दिवस जातात, म्हणजे शरीर झपाट्यानं वजन आणि साठे गमावत असताना. किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, तांबी किंवा इम्प्लांटबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा. पुढे गरोदर राहिलात की साखरेचं पाणी पिऊन करायची तपासणी तुम्हाला सोसेलच असं नाही, डंपिंग होऊ शकतं. बोटाच्या टोकावर साखर तपासत राहण्याचा पर्याय असतो. तो मागून घ्या.

केस : तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, कंगव्यात पुंजके येतात. मुळं शाबूत असतात, बहुतेकांचे वर्षभरात परत येतात. प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. सैल पडलेली कातडी मात्र व्यायामानं पूर्ण आवळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

प्रश्न : उंची १६५, वजन ७०. कॉलेज संपायच्या आत १२ किलो घालवायचे आहेत. स्लीव्ह चालेल?

नाही. बीएमआय २६ सुद्धा भरत नाही. कुणी तयार झालं, तर तिथून निघून या.

प्रश्न : वय २५. बायपास होऊन १४ महिने झाले, ४६ किलो घटले, रिपोर्ट छान आले म्हणून चार महिन्यांपूर्वी व्हिटॅमिनच्या गोळ्या सोडल्या. मित्रांबरोबर शनिवारी पिणं होतं, हल्ली दोनच पेगांत चढते. दहा दिवसांपासून उलट्या होताहेत, पायांना मुंग्या येतात. चालताना जरा तोल जातो. गोळ्या पुन्हा सुरू करू का?

या पत्राला मी ते वाचलं त्याच दिवशी थेट उत्तर पाठवलं होतं. असे आणखी वाचक असतील, म्हणून इथे पुन्हा देते.

गोळ्यांचं नंतर बघू. आज, आत्ता हॉस्पिटलमध्ये जा. व्हिटॅमिन बी१ चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या सुरू असताना तो संपतो, दारू तो आणखी लवकर संपवते. मुंग्या, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही मेंदूला आणि नसांना इजा होत असल्याची लक्षणं आहेत. वेळेत शिरेतून बी१ मिळालं तर ती थांबते, उशीर झाला तर काही इजा कायमची राहते. उलट्यांसाठी ग्लुकोजचं सलाईन लावणार असतील, तर बी१ दिल्याशिवाय ते लावू नये. नुसतं ग्लुकोज हा धोका वाढवतं. मुंग्यांमागे बी१२ सुद्धा असू शकतं, तेही तपासतील. आणि चौदाव्या महिन्यात उलट्या का सुरू झाल्या, जोड अरुंद झालाय, अल्सर आहे की आतडं अडकतंय, हे शोधावंच लागेल.

रिपोर्ट छान आले होते ते गोळ्या चालू होत्या म्हणून. दोन पेगांत चढते कारण बायपासनंतर दारू पटकन रक्तात उतरते आणि पातळी जास्त वर जाते. ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षापासून दारूचं व्यसन जडण्याचं प्रमाण वाढतं, तू नेमका त्याच वळणावर आहेस. बरा झालास की तुझ्या सर्जनशी हे मोकळेपणानं बोल. त्यांनी ओरडावं म्हणून नाही, तुला मदत मिळावी म्हणून.

एकटा गाडी चालवत जाऊ नकोस. डिस्चार्जची फाइल सोबत घे. ती सापडत नसेल तर शोधत बसू नकोस, एका कागदावर लिही : ‘बायपास, १४ महिन्यांपूर्वी. दहा दिवस उलट्या. व्हिटॅमिन चार महिने बंद. पायांना मुंग्या, तोल जातो. दारू घेतो.’ आणि कॅज्युअल्टीत जो पहिला डॉक्टर भेटेल त्याच्या हातात तो कागद दे.