अंग आंबलं म्हणून घाबरू नकोस, पण अंगावर काढूही नकोस

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, खाली बसलं की उठवत नाहीये, मांडीला नुसता हात लागला तरी कळ येतेय, आणि तरी विचारतेस की ताई उद्या पोलीस भरतीच्या 800 मीटरचा टाइम काढू का. नाही काढायचा. पण घरी पलंगावर पडूनही राहायचं नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, निवांत वाच.

आधी झालंय काय ते समजून घे. परवा तुम्ही टेकडीवर चढ-उताराचे राउंड मारले आणि त्यावर बैठका आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं ते) घातले. चढताना दम लागतो म्हणून सगळ्यांना वाटतं चढाने पाय गेले, पण खरा मार उतरताना बसतो. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अख्ख्या अंगाचा भार थोपवून धरत असतो, या दुहेरी कामात त्याच्या आतल्या बारीक तंतूंना इजा होते. बैठकीत खाली जातानाही तेच. मग शरीर दुरुस्तीला लागतं, तिथे थोडी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी तू मजेत होतीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना रडलीस. साधारण 24 ते 72 तासांत हे दुखणं सगळ्यात जास्त असतं, मग आपोआप उतरत जातं, आठवड्याच्या आत बहुतेक सगळं जातं.

ग्राउंडवर कुणीतरी तुला सांगणारच की पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, चार राउंड जोरात मार, निघून जाईल. ऐकू नकोस. जोरात पळाल्यावर रक्तात जे वाढतं ते तास-दीड तासात परत मूळ पातळीला येतं, परवाचं आज पायात बसून राहत नाही. पळून काढून टाकावं असं तिथे काही नाहीच, उलट अजून मार बसेल.

एक चांगली गोष्ट पण सांगते. हाच व्यायाम तू दहा-बारा दिवसांनी परत केलास तर एवढं दुखणार नाही, कारण स्नायू एकदा सावरला की तेवढ्या कामाला तयार होतो आणि ती तयारी काही आठवडे टिकते. म्हणजे दुखलं हे वाईट झालं नाही, फक्त पहिल्याच दिवशी डोस जास्त झाला. आणि हेही लक्षात ठेव की दुखलं म्हणजेच व्यायाम लागू पडला असं नसतं. न दुखताही टायमिंग सुधारतं. रील्स बघून रोज अंग मोडेपर्यंत करायचं खूळ पोरींच्या डोक्यात शिरतं, आणि काही ठिकाणी तर फी घेऊन सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ फुल स्पीड पळवतात, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण नडगीचं दुखणं घेऊन बसलेल्या पोरी नंतर माझ्याकडे येतात आणि तोवर भरतीची तारीख लागलेली असते.

तर उद्या काय करायचं. ग्राउंडवर ये, पण 15-20 मिनिटं चाल आणि मग सपाटीवर एकदम हळू जॉग, शेजारणीशी गप्पा मारता येतील इतका हळू. हललं की दुखणं जरा सैल होतं, तेवढ्यापुरतं का होईना बरं वाटतं. त्यानंतर 4 किलोचा गोळा घे आणि उभ्या उभ्या टाक, मान-खांद्याजवळची पकड, मनगट, सुटताना हाताचा कोन, यावर काम कर, तुझा गोळा तसाही मागे आहे आणि त्याला 15 मार्क आहेत. पायाचा जोर नकोच. 100 मीटर स्प्रिंट, टेकडी, उड्या, बैठका हे सगळं दोन-तीन दिवस बंद. आंबलेल्या स्नायूत ताकद खरोखर कमी असते, तुझा टाइम खराब येईल आणि तू उगाच खचशील हे एक, आणि दुसरं म्हणजे दुखरा पाय वाचवायला तू चाल बदलतेस, वेडंवाकडं पाऊल टाकतेस, तो भार गुडघ्यावर नाहीतर घोट्यावर जातो, तिथली इजा दोन दिवसांत बरी होत नाही.

परत कधी जोरात पळायचं ते तू स्वतः बघू शकतेस. वॉर्मअप कर, मग हळूच पूर्ण खाली बैठक मारून ऊठ, आणि एकेका पायावर उतरून बघ. नुसतं जड वाटलं तर चालेल, पण पाय लटपटला किंवा तोंड वाकडं झालं तर अजून एक दिवस दे.

पेनकिलरची गोळी घेऊन पळायचं नाही, मेडिकलवाला देतो म्हणून तर अजिबात नाही. दुखणं दबतं, इजा दबत नाही, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेलं असताना तसल्या गोळ्या किडनीला त्रास देतात. तेल लावून हलक्या हाताने चोळलं, गरम पाण्याने शेकलं तर बरं वाटतं, खुशाल कर. आईला जोर लावून रगडू देऊ नकोस.

आता हे मात्र नीट वाच. दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत, दाबल्यावर सगळीकडेच दुखतंय, तर ते आंबलेलंच अंग आहे. पण नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, पळताना वाढत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे जायचं, हाडाला बारीक तडा असू शकतो. सांधा सुजला तरी तेच. आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, पाय खूप सुजले, ताकदच राहिली नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. अतिव्यायामाने स्नायू जास्तच तुटले तर त्यातलं द्रव्य रक्तात उतरून किडनी बंद पडू शकते. क्वचित होतं, पण नवीन पोरींना एकदम हजार बैठका घालायला लावल्या की होतं.

झोपेचं तुझं काही खरं नाही. अभ्यासिकेत 1 वाजेपर्यंत बसतेस आणि 5 ला ग्राउंडवर. लेखीचे 100 मार्क मला कळतात गं, पण आधी ग्राउंड निघालं तरच लेखीला बोलावणार, आणि स्नायूच्या दुरुस्तीला पुरेशी झोप लागतेच. टेकडी किंवा स्प्रिंटच्या रात्री तरी 10 ला पुस्तक मीट. जेवणात भाकरी-भात कमी करू नकोस, पळणाऱ्या पायाला तेच इंधन आहे, आणि सोबत मटकीची उसळ, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, दूध, जे घरात असेल ते रोज. प्रोटीन पावडरचे डबे घ्यायची गरज नाही, ते पैसे चांगल्या शूजला ठेव.

आठवड्याचं असं ठेव: जोरात पळण्याचे दोन किंवा तीनच दिवस, आणि दोन जोराच्या दिवसांमध्ये एक तरी हलका दिवस, एक दिवस पूर्ण सुट्टी. भरतीच्या आधीच्या आठवड्यात तर टेकडी आणि बैठका पूर्ण बंद, कारण 800, 100 आणि गोळा एकाच दिवशी द्यायचे असतात, तिथे ताजे पाय लागतात.

शेवटचं एक. महिनाभर नीट झोपून-खाऊनही दम लागतोच, पाय भरून येतातच, पाळीत रक्तस्राव जास्त होतो असं तू मागे म्हणालीस, तर हिमोग्लोबिन तपासून घे, सरकारी दवाखान्यात होतं. 12 च्या खाली असेल तर कितीही पळ, टायमिंग अडकणार, आधी डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू कर आणि जेवणावर चहा पिणं बंद कर. लाजू नकोस, रिपोर्टचा फोटो मला पाठव, आकडा बघून पुढच्या महिन्याचं शेड्यूल लावू.

तुझी,
ताई