'एकमेकांवर प्रीती करा' ही येशूची शिकवण नेमकी काय आहे? ती फक्त ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांवरच प्रेम करावं अशी आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या सोसायटीत दोन ख्रिस्ती कुटुंबं आहेत, दोन्ही एकाच चर्चला जातात, आणि लिफ्टमध्ये समोरासमोर आली की एक जण मोबाइल काढतो, दुसरा छताकडे बघतो. वाचून हसू आलं. आमच्या मंडळीत (चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो, घरातली मंडळी वेगळी) अशी तीन-चार घरं मी बसल्या जागी मोजून दाखवीन. त्यातलं एक माझंच होतं. ते नंतर सांगतो.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. नगरच्या एका जुन्या मंडळीत वाढलेला, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दर रविवारी शब्बाथशाळेत पोरांना शिकवतो, एवढाच काय तो अधिकार.

वचन आहे योहानाच्या शुभवर्तमानात (बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं आहेत, त्यांतलं एक), १३व्या अध्यायात, ३४ आणि ३५. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की मी तुम्हाला नवी आज्ञा देतो, तुम्ही एकमेकांवर प्रीती करावी. जशी मी तुमच्यावर केली तशी. आणि तुमची एकमेकांवर प्रीती असली की त्यावरूनच सगळे ओळखतील, तुम्ही माझे शिष्य आहात.

आता 'नवी' का म्हटलंय? 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे तर यहुद्यांच्या धर्मशास्त्रात, लेवीय १९:१८ मध्ये, येशूच्या कितीतरी आधीपासून होतं. येशूनं स्वतःही ते सगळ्यांत मोठ्या दोन आज्ञांपैकी एक म्हणून सांगितलंय. तेव्हा प्रेम करणं यात काही नवं नाही. नवं आहे ते माप. जुनं माप 'स्वतःसारखी', नवं माप 'जशी मी'.

मग पुढचा प्रश्न, 'जशी मी' म्हणजे कशी? आपण लगेच क्रूसाकडे बोट दाखवतो. पण हे शब्द ऐकले त्या रात्री शिष्यांच्या डोळ्यांसमोर क्रूस नव्हता. होतं ते गंगाळ.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू जेवणावरून उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो आणि एकेकाचे पाय धुऊ लागतो. आपल्याला पाय धुण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लग्नात नवरदेवाचे पाय मुलीचे आईबाप धुतात. बाहेरून आलेल्या मोठ्या माणसासमोर घरातलं धाकटं माणूस पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहतं. पाणी कुणी घालायचं आणि पाय कुणी पुढे करायचे, हे न बोलता ठरलेलं असतं. त्या काळच्या यरुशलेमेत तर हे दासाचं काम. म्हणून पेत्र हा शिष्य पाय मागे घेतो, माझे पाय तू कधीच धुणार नाहीस म्हणतो. लाजेपोटीच म्हणतो बिचारा. जावयाचे पाय धुताना सासऱ्याला काही वाटत नाही, पण उद्या सासरा पाय पुढे करण्याऐवजी सुनेसमोर वाकला तर तिचं काय होईल, तसं.

आणि त्या ओळीत यहूदाही बसलेला होता, येशूला पैशांसाठी शत्रूंच्या हाती देणारा शिष्य. त्याच्या मनात काय आहे हे येशूला ठाऊक होतं, असं मजकूरच सांगतो. तरी त्याचे पाय वगळल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मग यहूदा उठून बाहेर जातो, तिथे योहान तीनच शब्द लिहितो: 'तेव्हा रात्र होती.' त्यानंतर येशू ही नवी आज्ञा देतो. आणि आज्ञा संपते न संपते तोच पेत्राला सांगतो की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील.

म्हणजे बघा, एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला नाकारणारा, आणि मधे ही आज्ञा. फार सज्जन, एकदिलाच्या लोकांना दिलेला हा उपदेश नव्हे. तुमच्या लिफ्टमधल्या दोन कुटुंबांना तो अगदी बरोबर लागू पडतो.

शब्दाबद्दल थोडं. मराठी पवित्र शास्त्रात 'प्रीती' आहे, त्यामुळे लहानपणी आम्हाला रेडिओवरची गाणी आठवायची आणि बाकावर खुसखुस व्हायची. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद आहे 'अगापाओ'. उपदेशांत हमखास ऐकायला मिळतं की अगापे म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रेम. तितकं सरळ नाही ते. याच योहानात, ३:१९ ला, माणसांना प्रकाशापेक्षा अंधार अधिक आवडला असं आहे, तिथेही हेच क्रियापद आहे. शब्दात जादू नाही. सगळा भार 'जशी मी' या दोन शब्दांवर आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न: एकमेकांवर म्हणजे आपापसातच का?

इथे सारवासारव करत नाही. या वचनापुरतं बोलायचं तर हो, 'एकमेकांवर' म्हणजे शिष्यांनी शिष्यांवर. 'वैऱ्यांवर प्रीती करा' हे मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे, योहानात नाही. पण येशूची शिकवण या एका वचनावर थांबत नाही. शेजारी कोण असं विचारणाऱ्या शास्त्र्याला त्यानं शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली, म्हणजे ज्यांच्याशी यहुदी लोक संबंध ठेवत नसत त्यांच्यातला एक. आणि मत्तय ५ मध्ये तर सरळ टोमणाच आहे: जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही केलंत तर त्यात काय मोठं, जकातदारही तेच करतात.

मग आपापसातल्या प्रेमाची वेगळी आज्ञा कशाला? माझं मत असं की परक्यावर प्रेम करणं त्या मानानं सोपं असतं. पूरग्रस्तांना चादरी पाठवायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. पूरग्रस्त माझ्या शेजारच्या बाकावर बसत नाही, पंच कमिटीच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा राहत नाही, त्याचा मुलगा कीबोर्ड वाजवताना माझ्या मुलीचा सूर चुकला म्हणून सगळ्यांदेखत थांबत नाही. 'एकमेकांवर' हे वर्तुळ लहान आहे, म्हणूनच त्यात पळायला जागा नाही.

पहिल्या मंडळ्यांनाही हे जमत नव्हतं, आणि आमच्या शास्त्रानं ते झाकून ठेवलेलं नाही. १ करिंथ १३, 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' हा अध्याय आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक लग्नात वाचतात. पौल हा पहिल्या मंडळ्यांचा प्रेषित; करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला हा अध्याय त्यानं नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. करिंथच्या मंडळीत गट पडले होते, एकमेकांवर खटले चालले होते, आणि प्रभुभोजनाला (येशूच्या त्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) जमल्यावर खात्यापित्या घरचे आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. दोन अध्याय आधी पौल यावरून चांगलाच कडाडलाय. ते सगळं वाचून मग तेरावा वाचला की तो लग्नातल्या फुलांसारखा वाटत नाही.

अंत्युखिया या शहरातल्या मंडळीतला प्रसंग मला याहून जवळचा वाटतो. तिथे पेत्र गैरयहुदी ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि हा हळूहळू वेगळा बसू लागला. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबाही. पौलानं सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं (पौलाचं गलतीकरांस पत्र, अध्याय २). पंगतीला कोण कोणाशेजारी बसतो, यावर शुभवर्तमान खरं की खोटं हे ठरतं, इतकं मोठं प्रकरण त्यानं ते केलं.

हे महाराष्ट्रात वाचताना कुणाला काय वेगळं सांगायचं? लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे राहायला आल्यावरही काही काळ आपलं सोवळंओवळं सांभाळून होत्या, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणानं लिहून ठेवलंय; त्यांनी पुढे ते सोडलं. पण मंडळी म्हणून आम्ही सगळं सोडलं का? माझ्या आजोबांच्या पिढीत कोणतं घर कोणत्या वाड्यातून ख्रिस्ती झालं हे सगळ्यांना पाठ असायचं. आज एका बाकावर बसतो, एका थाळीतली भाकर घेतो. लग्न जुळवायची वेळ आली की मात्र कुणीतरी हळूच विचारतं, 'मूळचे कुठले हो?' आणि या 'कुठले'चा गावाशी काही संबंध नसतो.

म्हणजे मग सगळं बोलाचीच कढी का? नाही. ज्या वेळी जमलं त्या वेळी ते बाहेरच्यांना दिसलंय. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन इसवी सन १९७च्या सुमारास लिहितो की लोक आमच्याकडे बघून म्हणतात, 'पाहा, यांचं एकमेकांवर किती प्रेम!' हे वाक्य आता कौतुकाचं म्हणून सांगतात. त्यानं दिलंय ते लोक नावं ठेवतात म्हणून. तिथेच तो मंडळीच्या पेटीचा हिशेबही देतो: ज्याला जमेल त्यानं महिन्यातून एकदा, खुशीनं टाकायचं, आणि ते पैसे गरिबांना जेवू घालायला, त्यांना पुरायला, अनाथ पोरांना, थकलेल्या म्हाताऱ्यांना, तुरुंगात आणि खाणींत टाकलेल्यांना जायचे. बँकवाला असल्यामुळे असेल, मला त्या सुप्रसिद्ध वाक्यापेक्षा हा हिशेब जास्त पटतो.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहायला गेल्या. भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक आश्रयगृह दाखवलं. ज्या बायकांना समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलं होतं, त्यांना तिथे मायेनं सांभाळत होते. रमाबाईंनी विचारलं, तुम्हाला हे करायला काय भाग पाडतं? उत्तर म्हणून एका भगिनीनं योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा, जिच्याशी येशू आपणहून बोलला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्याच भगिनींशी धर्मसिद्धान्तांवरून कडकडून वाद घातले. पत्रं छापलेली आहेत. प्रेम म्हणजे मान डोलावणं नव्हे, हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता माझं. आमच्या चर्चची दुरुस्ती झाली तेव्हा देणगीदारांची नावं कोरलेली संगमरवरी पाटी बसवली. माझ्या वडिलांचं नाव सातव्या ओळीत, आणि त्यांच्याहून कमी दिलेल्यांची वर. पाटीचं काम ज्या काकांकडे होतं त्यांना मी भर मिटिंगमध्ये म्हणालो, 'पाटीतही पैसे खाल्ले का?' खाल्ले नव्हते, हे मला बोलतानाही माहीत होतं. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. प्रभुभोजनाची थाळी त्यांच्या हातून माझ्या हातात यायची तेव्हा दोघंही थाळीकडे बघायचो. आणि त्याच काळात मी शब्बाथशाळेत पोरांकडून पाठ करून घेत होतो: वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

मग आई दवाखान्यात. अकरा दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू डबा घेऊन आल्या. ज्वारीच्या भाकरी, मेथी, वेगळ्या डबीत ठेचा. काही बोलल्या नाहीत, आईच्या पायांवरून हात फिरवला आणि रिकामा डबा घेऊन गेल्या. रोज तसंच. चौथ्या दिवशी खिडकीतून खाली पाहिलं तर काका लिंबाखाली स्कूटरवर बसलेले. रोज तेच काकूंना सोडायला येत होते आणि वर येत नव्हते. मी टपरीवरून दोन चहा घेऊन खाली गेलो. त्यांनी ग्लास घेतला, म्हणाले, 'शुगर किती आहे आईची?' मी आकडा सांगितला. 'कमी होईल,' म्हणाले. झालं संभाषण.

आई घरी आल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की ते पैशांचं बोललो, चुकलं. ते म्हणाले, 'त्या दिवशी चहात साखर फार होती.' आजही पंच कमिटीत आमचं पटत नाही. गेल्याच महिन्यात पंख्यांवरून वाजलं. पण आता वाजतं तरी.

शेवटी तुम्ही विचारलंय की एखाद्या वेळी येऊन बघितलं तर चालेल का. चालेल. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, बऱ्याच चर्चमध्ये याच रात्रीची आठवण करतात, आणि काही ठिकाणी खरोखर पाय धुतात. प्रभुभोजन घ्यायची कुणावर सक्ती नसते, थाळी आली की शेजाऱ्याकडे सरकवायची. तुमच्या सोसायटीतल्या दोनपैकी कुठल्याही घराला विचारा, सोबत नेतील. फक्त दुसऱ्या घरालाही विचारलंय हे आधी सांगू नका.