सर्र्याचा हिशेब आधी मांड

राईकांच्या, म्हणजे उंट पाळणाऱ्या समाजाच्या, उंटांवर काम करायला राजस्थानात जातो आहेस, तर आधी सर्र्याचा, म्हणजे चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवींच्या रोगाचा, हिशेब शिक. तिकडे त्याला तिबरसा म्हणतात. औषध महाग वाटतं खरं, पण उंटीण जवळजवळ 13 महिने गाभण असते, पिल्लू साधारण 2 वर्षांतून एकदा. सर्र्याने ती गाभडली की मालकाची 2 वर्षं गेली, दूधही गेलं! म्हणून पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढण्याआधीच सर्रा टाळणारं क्विनापायरामीन प्रोसॉल्ट टोच. पैसे वाचवायला मात्रा कमी करू नकोस, परजीवी औषधाला दाद देईनासे होतात. गुरांचं डिमिनाझिन हे औषध तर उंटाला नकोच, विषबाधा होते. आणि शेजारच्या कळपांचे मालकही सोबत घे, माश्या कुणाचा उंट ते बघत नाहीत. खरजेला आयव्हरमेक्टिन, तेही अख्ख्या कळपाला एकदमच.