बेंगळुरूची नोकरी, घोडबंदरचं घर आणि पावणेदोन तासांचं विमान

प्रश्न : घोडबंदर रोडला स्वतःचा फ्लॅट आहे, पत्नीची नोकरी ठाण्यातच, मुलगी नववीत. माझा पगार वर्षाला २५ लाख. बेंगळुरूहून ३२ लाखांची ऑफर आली आहे, ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. घर इथेच ठेवून महिन्यातून दोनदा विमानाने येईन म्हणतो, तिकीट जाऊन-येऊन ९,०००. पावणेदोन तासांचा तर प्रवास! ऑफर घ्यावी का?

उत्तर : या आकड्यांवर घेऊ नये, असं माझं मत आहे.

आधी ते पावणेदोन तास बघू. मुंबई ते बेंगळुरू सरळ रेषेत साधारण ८४० किलोमीटर आहे आणि विमान तेवढ्या वेळात पोहोचतं, हे खरं. पण बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला, आणि तुमचं ऑफिस थेट दक्षिण टोकाला. शुक्रवारी संध्याकाळी सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ हे वाटेवरचे कोंडीचे चौक पार करायला दोन तास सहज जातात. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. इकडे उतरल्यावर बॅग, मग पवई ओलांडून पूर्व द्रुतगती मार्ग, आणि शेवटी आपला घोडबंदर रोड, त्याची ख्याती मी काय सांगणार! दारापासून दारापर्यंत साडेसहा-सात तास धरा. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा फायदा नेरूळ-बेलापूरकरांना. तुम्हाला तो आणखी लांब पडेल.

आता पैसे. नव्या करप्रणालीत २४ लाखांवरच्या करपात्र उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो. तुमची सात लाखांची वाढ सगळी त्याच टप्प्यात जाते. हातात उरतात ४ लाख ८२ हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम ४०,०००. त्यातूनही पीएफ कापला जाईल, आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा पगाराचा भाग, किती ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तुम्ही खर्चात फक्त तिकिटं धरलीत : जाऊन-येऊन ९,००० प्रमाणे दोन फेऱ्यांचे १८,०००. माझ्या अंदाजाने भाड्याचे २०,०००, जेवण-वीज वगैरे १०,००० आणि दोन्हीकडच्या टॅक्सीचे ७,००० त्यात घाला. झाले ५५,०००. पगारवाढ होऊन दरमहा १५,००० खिशातून! शिवाय बेंगळुरूत डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात, तो पैसा अडकतो. घरभाडे भत्त्याची किंवा एलटीएची (रजा प्रवास भत्त्याची) सवलत नव्या करप्रणालीत नाही. आणि ९,००० हा दर आधी बुकिंग केलं तरचा. गणपती-दिवाळीत तो विसरा. शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार पहाट, नेमकी तुमची विमानं, एरवीही महागच असतात.

नुसती बरोबरी साधायला पॅकेज साधारण ३४ लाख ६० हजार हवं. त्यात शिल्लक काहीच नाही. दरमहा वीसेक हजार बाजूला पडावेत असं वाटत असेल, तर ३८ लाख मागा.

तेवढं देत नसतील तर महिन्यातले दोन आठवडे ठाण्यातून काम मागा, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, एचआरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मग फ्लॅटऐवजी पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) भागेल आणि खर्च ४०,००० च्या आसपास येईल. तरीही बरोबरीच. पण हुद्दा खरोखर मोठा असेल आणि दोनेक वर्षांत त्याच्या जोरावर मुंबईत परतता येणार असेल, तर तेवढ्यावर मी हो म्हणेन. मुलीची दहावी मात्र पुढच्याच वर्षी आहे, तेव्हा पत्नीशी बोलल्याशिवाय कंपनीला तारीख देऊ नका.