तोबीतचा कुत्रा ज्या बायबलात आहे, ते घ्या

प्रश्न : घरी आठ वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी आहे. मुलाचं यंदा पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद. यांनी बाजारातून मराठी बायबल आणलं. सासऱ्यांच्या मातीच्या वेळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातून वाचलं होतं, ‘नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत.’ मुलीनं घरी शोधलं, तर ते पुस्तकच नाही! आमचं बायबल खोटं आहे का? मुलांसाठी कोणतं घ्यावं?
– एक आई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, खोटं मुळीच नाही. तुमच्याकडचं ६६ पुस्तकांचं आहे, प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये चालतं ते. आपल्या कॅथलिक बायबलात ७३ असतात : जुन्या करारात ४६, नव्यात २७. तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन, ही ती जास्तीची सात. ट्रेंट इथं भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं १५४६ मध्ये ही यादी पक्की केली. पुढे १८२६ मध्ये लंडनच्या बायबल सोसायटीनं ही पुस्तकं छापायला पैसा द्यायचा नाही असं ठरवलं, आणि बाजारात ६६ वालंच जास्त दिसू लागलं. त्यातलं येशूचं शुभवर्तमान आपलंच आहे, तेव्हा ते घरात राहू द्या.

नवं घेताना आधी अनुक्रमणिका उघडा. तोबीत बहुधा नहेम्यानंतर असतो. काही आवृत्त्यांत सातही पुस्तकं दोन करारांच्या मधे एकत्र असतात. दानीएलचे अध्यायही बघा : आपल्याकडे बहुतेक १४ असतात, ६६ वाल्यात १२. शीर्षकाच्या मागच्या पानावर बिशपांची किंवा बिशप परिषदेची मंजुरी छापलेली असावी. फादर अमरावतीला बिशप हाऊसला जातात, तेव्हा त्यांच्याकडे ‘मराठी, कॅथलिक, ७३ पुस्तकांचं’ असं स्पष्ट सांगून ठेवा.

आठ वर्षांच्या पोराला मात्र एवढा ग्रंथ देऊ नका. त्याला मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं गोष्टींचं पुस्तक द्या आणि मोठ्या बायबलातून तुम्ही वाचून दाखवा. सुरुवात तोबीतपासून करा. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ही गोष्ट सांगत असताना कापूस वेचून आलेली पोरं जमिनीवर बसलेली असायची, बोटांना बोंडांचे ओरखडे. तोबीतचा मुलगा तोबियास प्रवासाला निघतो, सोबत राफाएल देवदूत, आणि मागोमाग कुत्रा. माशाच्या पित्तानं आंधळ्या बापाचे डोळे उघडतात, इथवर सगळी गप्प. मग एक पोरगा, ज्याचा स्वतःचा कुत्रा दाराबाहेर वाट पाहत बसलेला, त्यानं विचारलं, ‘बाई, कुत्रा घरी परत आला का?’ मी अकरावा अध्याय उघडून त्यालाच वाचायला दिला. कुत्रा येतो, मागोमाग येतो. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा, अडखळत का होईना, बायबल वाचलं.

मुलीचं वेगळं आहे. चौदाव्या वर्षी चित्रांचं पुस्तक हाती दिलं की पोरं ते धाकट्याला देऊन टाकतात. मी एकदा बक्षीस म्हणून दिलं आणि तसंच झालं. तिला पूर्ण बायबल द्या, तळटिपा आणि नकाशे असलेलं. अक्षर बारीक नको; आपल्याकडे संध्याकाळी लाईट जाते, तेव्हा बारीक टाईप वाचवत नाही. पांढऱ्या चेनच्या कव्हरचं कपाटात ठेवायचं बायबल तर नकोच. पेन्सिलीनं खुणा करता येतील असं हवं. ती इंग्रजी शाळेत शिकत असेल तरी घरी मराठीच द्या, कारण रडायला, भांडायला, प्रार्थनेला तिची भाषा मराठी आहे. वर इंग्रजी हवंच असेल तर २०१८ मध्ये भारतात निघालेली ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) या भाषांतराची कॅथलिक आवृत्ती घ्या. २०२० पासून आपल्याकडच्या इंग्रजी मिस्सेतली वाचनं त्याच भाषांतरातून होतात.

एक गोष्ट तिला जरूर शिकवा : ‘योहान ३:१६’ म्हणजे अध्याय ३, ओवी १६. एवढं कळलं नाही म्हणून हुशार पोरंही पुस्तक मिटून ठेवतात.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तुम्ही सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जालच. नवं बायबल तोवर आलं तर सोबत न्या. ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय तिलाच शोधू द्या, आणि आजोबांजवळ उभं राहून तिलाच वाचू द्या.